घरचं ब्रॉडबँड बदलणं : विश्रामबाग, सांगली – प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर २०२५

५ मे

चालू कंपनीचा मेसेज आला. १०० एमबीपीएसचा प्लॅन पुढच्या रिचार्जपासून महिना ५९९ ऐवजी ७४९ रुपये. १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम ७०६.८२ वरून ८८३.८२ रुपये. महिन्याला बरोबर १७७ आणि वर्षाला २,१२४ रुपये जास्त. सहा महिन्यांचे पैसे भरलेले आहेत, ती मुदत ११ जूनला संपते. हातात ३७ दिवस.

घराची माहिती: तळमजला, वर एक मजला, मध्ये स्लॅब. माणसं पाच, त्यातली दोन घरून काम करणारी. एक टीव्ही, चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा बॉक्स), वाय-फायवर सगळी मिळून चौदा उपकरणं.

मोबाइलचा नंबर ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय ब्रॉडबँडला नाही. नवी कंपनी म्हणजे खांबापासून नवी तार, नवा ओएनटी (फायबरचा प्रकाश घरच्या नेटमध्ये बदलणारी डबी), नवं केवायसी. म्हणून पहिला नियम ठरवला: जुनी लाइन चालू असतानाच नवी घरात आणायची आणि दोन्ही किमान आठवडाभर शेजारी शेजारी चालवायच्या. त्या हिशेबाने नवी जोडणी १ जूनच्या आत पूर्ण व्हायला हवी.

६ मे

कंपन्यांना फोन लावण्याआधी स्वतःची गरज मोजली. हे न करता प्लॅन बघायला बसलं की माणूस हमखास मोठा प्लॅन घेतो.

कंपनीच्या ॲपवर मागच्या तीन महिन्यांचा वापर मिळाला: ४१२, ३८६, ४५५ जीबी. बहुतेक प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबी असते, त्यामुळे त्या आकड्याकडे बघायची गरज नाही. एअरफायबरसारख्या (तारेऐवजी मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या) प्लॅनमध्ये मात्र मर्यादा १,००० जीबी असते, तिथे बघावं लागेल.

वेगाची गरज सगळं एकदम चालू धरून काढली. दोन व्हिडिओ कॉल, प्रत्येकी ४ एमबीपीएस खाली (डाउनलोड) आणि ४ वर (अपलोड). टीव्हीवर फोर-के चित्र, १५ खाली. फोनवर दोघं एचडी बघतायत, १० खाली. डीव्हीआर बाहेरून कुणी उघडला तर चार कॅमेऱ्यांना ४ ते ८ वर. बेरीज: खाली ३३, वर १२ ते १६. थोडा मोकळा हात ठेवला तरी ५० खाली आणि २० वर भरपूर झाले. १०० चा आकडा या घराला लागतच नाही. लागतो तो अपलोड, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

८ ते १० मे

चालू लाइनचं मोजमाप. वाय-फायवर मोजलं तर मोजमाप वाय-फायचं होतं, लाइनचं नव्हे. म्हणून ओएनटीच्या लॅन पोर्टमधून कॅट-६ तार थेट लॅपटॉपला, वाय-फाय बंद, बाकीची उपकरणं बंद. रोज तीन वेळा: सकाळी ७, दुपारी २, रात्री ९.३०. स्पीड टेस्टबरोबर ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) पिंगची, म्हणजे जाऊन परत येण्याचा वेळ मोजणारी, २०० पॅकेट, आणि पहिल्या हॉपला (वाटेतला पहिला थांबा) म्हणजे कंपनीच्या गेटवेला वेगळी २००. स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, म्हणून जोडीला दुसरीकडून एक जीबीची फाइलही उतरवून पाहिली.

तीन दिवसांची सरासरी:
सकाळी – ९४ खाली, ४१ वर, हानी (वाटेत हरवलेली पॅकेट) ०.
दुपारी – ८८ खाली, ३६ वर, हानी १ टक्का.
रात्री – ३८ खाली, ५ वर, हानी ३ टक्के.

सकाळचा ९४ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टमधून खरा डेटा जास्तीत जास्त ९४-९५ मिळतो. कुणी २०० चा प्लॅन घेतला आणि टेस्ट कायम ९४ वरच अडकली, तर दोष लाइनचा नसतो. एक तर राउटरचा पोर्ट गिगाबिटचा नाही, नाही तर तारेच्या चार जोड्यांपैकी एखादी क्रिम्पिंगमध्ये तुटली आहे.

११ मे

रात्रीच्या हानीची कारणं दोन असू शकतात: घरापर्यंतची तार खराब, किंवा कंपनीकडे गर्दी. दोन्हींचा इलाज वेगळा. त्यामुळे हे वेगळं न काढता कंपनी बदलली तर नव्या पैशांत जुनंच दुखणं घरात येतं.

ओएनटीचं पान १९२.१६८.१.१ वर उघडलं. तिथे पॉनच्या (फायबर जाळ्याच्या) माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते: उणे २६.८ डीबीएम. उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. घरगुती जीपॉन (फायबर जाळ्याचा एक प्रकार) ओएनटी साधारण उणे २७ पर्यंत ऐकू शकतो. उणे १५ ते उणे २४ मध्ये असलं की निवांत. २६.८ म्हणजे कड्यावर उभं राहणं. थोडा पाऊस, थोडी ओल, की लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लागणार.

भिंतीवरची रोझेट डबी (बाहेरची तार जिथे येऊन संपते ती) उघडली. आत चुन्याची पूड, झुरळांची घाण आणि उरलेलं फायबर पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या वेढ्यात कोंबलेलं. एवढ्या वळणात प्रकाश तारेच्या बाहेर सांडतो. घरात फायबर गुंडाळताना मापाला बांगडी घ्यावी: वेढा बांगडीपेक्षा लहान नको. वेढा सोडून डबीच्या कडेने मोठा फिरवला. नुसत्या तेवढ्याने वाचन उणे २५.१ झालं. मग हिरव्या एससी-एपीसी कनेक्टरचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसलं, कोरडं होऊ दिलं, परत बसवलं. उणे २३.९. जवळपास तीन डीबी परत मिळाले, म्हणजे पोहोचणारा प्रकाश दुप्पट झाला. फुंकर मारून पुसू नये, थुंकीचे कण टोकावर बसतात. आणि चालू फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो.

रात्री ९.३० ला पुन्हा मोजलं. हानी ३ टक्क्यांवरून ०. वेग मात्र ४१ खाली, ६ वर. पहिल्या हॉपची वेळ सकाळी ३ मिलिसेकंद, रात्री ३८. तार आता चांगली आहे तरी पहिल्याच हॉपला रात्री रांग लागते. याचा अर्थ गर्दी कंपनीच्या बाजूला आहे आणि ती घरातून दुरुस्त होणार नाही. पहिला हॉप ठीक राहून पुढचे खराब झाले असते, तर दोष कंपनीच्या वरच्या पुरवठ्यात शोधावा लागला असता.

१३ मे

चालू कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. दोन गोष्टी विचारल्या. जुना दर मिळेल का? नाही. खालचा प्लॅन आहे का? ५० एमबीपीएस, ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे ५८८.८२. रात्रीच्या वेगाची तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेतला. तक्रार तोंडी करून फोन ठेवला तर ती केलीच नाही असं धरावं. नियमाप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे निकाल लागला नाही तर त्याच कंपनीचं अपिलीय प्राधिकरण, आणि अपिलाला डॉकेट नंबर लागतोच. ट्राय (दूरसंचार नियामक) वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

१५ मे

गल्लीची पाहणी. कंपन्यांची वेबसाइट पिनकोड टाकला की सगळीकडे सेवा उपलब्ध दाखवते. खरं उत्तर खांबावर असतं. चालत जाऊन प्रत्येक खांबावरचा स्प्लिटर बॉक्स (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा) बघितला: कुणाचा, किती अंतरावर, झाकण लागलेलं आहे की उघडं लोंबतंय, आत मोकळे पोर्ट किती.

पर्याय तीन निघाले.

अ – देशभर पसरलेली खासगी कंपनी. बॉक्स १८० मीटरवर, तार दोन झाडांमधून येणार.
ब – स्थानिक केबल ऑपरेटर, मोठ्या परवानाधारक कंपनीची सेवा पुरवतो. बॉक्स ६० मीटरवर, मध्ये झाड नाही, एक रस्ता ओलांडायचा.
क – ५जी एअरफायबर. गच्चीवर बाहेरचं युनिट, खांबाचा संबंधच नाही.

आजूबाजूच्या सहा घरांत एकच प्रश्न विचारला. वेग किती मिळतो हे नाही, तर मागच्या पावसाळ्यात लाइन गेली तेव्हा माणूस किती वेळात आला. अ च्या दोन घरांचं उत्तर: दीड ते तीन दिवस. ब च्या तीन घरांचं: त्याच दिवशी, रात्री गेली तर दुसऱ्या सकाळी. ब च्या एका घराची तक्रारही होती: वीज गेली की कधी कधी नेटही जातं. ती लिहून ठेवली.

१७ मे

ब च्या ऑफिसात जाऊन प्रश्न. हे प्रश्न फोनवर विचारून उपयोग नाही, समोर बसूनच उत्तरं मिळतात.

“दादा, तुमचा ओएलटी कुठे आहे आणि कुठल्या मजल्यावर?” ओएलटी म्हणजे कंपनीच्या बाजूचं यंत्र, ज्यातून घरांकडे फायबर निघतं. सांगलीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात किंवा नदीकडच्या पेठेत तळमजल्यावर ओएलटी असेल, तर विश्रामबागेतल्या कोरड्या घरातसुद्धा नेट बंद पडतं. ब चा ओएलटी विश्रामबागेतच, दुसऱ्या मजल्यावर, १.१ किलोमीटरवर. मुख्य पुरवठा मिरजेकडून, कमी क्षमतेचा राखीव दुसऱ्या मार्गाने.

फायबर जाळं जीपॉन प्रकारचं की ईपॉन? स्थानिक ऑपरेटरकडे स्वस्त म्हणून ईपॉन बऱ्याचदा असतं. ईपॉनच्या एका पोर्टला सुमारे १.२५ जीबीपीएस, जीपॉनच्या पोर्टला खाली सुमारे २.५ आणि वर १.२५. एका पोर्टवर ६४ घरं जोडली आणि सगळी एकाच वेळी पूर्ण ओढायला लागली, तर जीपॉनवर वाट्याला ३९ एमबीपीएस येतात, ईपॉनवर २० च्या आतच. ब कडे जीपॉन आहे, आपल्या बॉक्सच्या पोर्टवर ६४ पैकी ४१ जोडण्या. बाहेरून ओएनटी विकत घ्यायचा झाला तर हे आधी विचारावंच लागतं: ईपॉनचा ओएनयू (म्हणजे ओएनटीच) जीपॉनवर चालत नाही, एक्सपॉन लिहिलेला दोन्हीवर चालतो.

वीज गेल्यावर काय? ओएलटीला इन्व्हर्टर आहे, चार तास चालतो असं सांगितलं. मधल्या खांबांवरचे स्प्लिटर निष्क्रिय असतात, त्यांना वीज लागत नाही. शेजारच्या घराची तक्रार बहुधा घरातल्या ओएनटीला बॅकअप नसल्याची असणार. तपासायचं आहे.

बिल कुणाच्या नावाने? पावती परवानाधारक कंपनीच्या नावाची, जीएसटी क्रमांकासह, आणि केवायसीचा फॉर्म भरून. हे जिथे मिळत नाही, फक्त महिन्याला रोख घेऊन जातात, तिथे दर कितीही कमी असला तरी जोडणी घेऊ नये. तक्रार करायला कागदच उरत नाही.

१८ मे

दोन वर्षांचा हिशेब, जीएसटीसह. एक महिन्याचा दर बघून ठरवलं की हमखास चूक होते.

चालू कंपनी, १०० एमबीपीएस: ८८३.८२ × २४ = २१,२११.६८.
चालू कंपनी, ५० एमबीपीएस: ५८८.८२ × २४ = १४,१३१.६८.
अ, १०० एमबीपीएस: ५९९ च्या हिशेबाने वर्षाचे एकदम ८,४८१.८४, त्यात १३ महिने. महिन्याला पडतात ६५२.४५. जोडणी फुकट, ओएनटी कंपनीचा. दोन वर्षांचे म्हणून सुमारे १५,६५९.
ब, ६० खाली ६० वर: महिना ५०० जीएसटीसह. जोडणी १,५०० आणि ओएनटी विकत १,८००, एकदाच. दोन वर्षांचे १५,३००. तिसऱ्या वर्षापासून फक्त ६,०००.
क, ३० एमबीपीएस: ७०६.८२ × २४ = १६,९६३.६८, जोडणी शुल्क वेगळं.

सगळ्यात स्वस्त निघाली ती चालू कंपनीच, खालच्या प्लॅनवर. ब पेक्षा दोन वर्षांत १,१६८ रुपयांनी कमी. रात्रीचा वेग चांगला असता तर प्रकल्प इथेच थांबवला असता, आणि ज्यांची लाइन रात्रीही नीट चालते त्यांनी खरोखर इथेच थांबावं. दर वाढला म्हणजे कंपनी सोडायलाच हवी असं नाही, खालच्या प्लॅनवर येणं हाही बदलच आहे. इथे मात्र रात्री ६ एमबीपीएस अपलोडमध्ये दोन कॉल आणि कॅमेरे बसत नाहीत. प्लॅन ५० चा घेतला तरी पहिल्या हॉपची रांग तीच राहणार.

अ चे १३ महिने आकर्षक दिसतात, पण ८,४८१ रुपये आगाऊ अडकतात. वर्षाच्या मध्ये सेवा बिघडली तर पैसे परत मिळण्याची अट फॉर्मच्या मागच्या बाजूला वाचली: उरलेल्या महिन्यांचा परतावा नाही. नव्या कंपनीला पहिल्या तीन महिन्यांत वर्षाचे पैसे देऊ नयेत.

२० मे

क ची चाचणी गच्चीवर, त्याच कंपनीच्या ५जी सिमच्या फोनने. सकाळी १४० खाली, १८ वर. रात्री ९.३० ला ४६ खाली, ४ वर, पिंग २८ ते १९० मध्ये नाचणारा. बाहेरच्या युनिटला फोनपेक्षा सिग्नल चांगला धरता येतो, तरी टॉवरवरची रात्रीची गर्दी तीच. जिथे फायबर पोहोचलंच नाही त्या मळ्यातल्या घराला क उत्तम. इथे नको.

ब ठरला. सात दिवस चाचणी देतो म्हणाला, लाइन पसंत पडली नाही तर ओएनटी परत आणि फक्त तार ओढण्याची मजुरी. हे चिठ्ठीवर लिहून घेतलं.

२४ मे

जोडणीचा दिवस. यंदा मे महिन्यातच पाऊस लागलाय, सकाळच्या उघडिपीत काम उरकलं.

तार: चपटी काळी ड्रॉप केबल, एका कोअरची, ८५ मीटर. अंतर ६० मीटरच, पण खांबावर १० मीटरचा वेढा राखीव ठेवायला सांगितला आणि उरलेली घरातल्या वळणांना. तार पुढे कुठे तुटली तर या राखीव वेढ्यातून ओढून जोड मारता येतो, नाही तर पूर्ण तार नवी. टेक्निशियनने आणलेल्या पहिल्या बंडलात आधाराला स्टीलची तार होती, ती परत पाठवून एफआरपीवाली (धातू नसलेली) मागवली. रस्ता ओलांडताना विजेच्या तारा जवळ आहेत. धातूची तार तुटून त्यांच्यावर पडली तर करंट थेट घरात येतो. विजेच्या सर्व्हिस वायरला फायबर बांधायचं नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी.

दोन्ही टोकांना ड्रॉप क्लॅम्प. बाइंडिंग वायरने आवळून बांधलं की वर्षभरात तार तिथेच चिरडते. रस्त्यावरची उंची मोजली, ५.२ मीटर. भिंतीतलं भोक १० मिमी, बाहेरच्या बाजूला उतरतं, आणि तार आत शिरण्याआधी खाली लोंबता वेढा, म्हणजे पाणी वेढ्याच्या तळाशी गळून पडतं, भोकात येत नाही. वर सिलिकॉन.

रोझेटमध्ये पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस मशीनने, म्हणजे टोकं वितळवून, जोडायला लावली. फास्ट कनेक्टर दोन मिनिटांत बसतो आणि सुरुवातीला वाचनही बरं येतं, पण त्यातला जेल उन्हाळ्या-पावसाळ्यात सरकतो आणि वर्षभराने ०.३ डीबीचे २ डीबी होतात. स्प्लाइसचे शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

अपेक्षित वाचन आधीच काढून ठेवलं होतं: ओएलटी अधिक ३, दोन वेळा एकास आठचे स्प्लिटर प्रत्येकी १०.५, तारेचे ०.४, जोड आणि कनेक्टर १.५. येतं उणे १९.९. पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर ठेवून रोझेटला मोजलं: उणे २०.६. पटलं.

मग चौकटीच्या कडेने तार खिळ्यांच्या क्लिपांनी बसवली. ओएनटी लावला, पान उघडलं: उणे २४.२. मगाशी २०.६ होतं. टेक्निशियन म्हणाला, “चालतंय की, दिवा हिरवा आहे.” चालतंय, पण साडेतीन डीबी अर्ध्या तासात कुठे गेले? पान दर काही सेकंदांनी ताजं करत एकेक क्लिप सैल करत गेलो. पहिली, दुसरी, तिसरी, काही नाही. कोपऱ्यावरची चौथी उपटली आणि आकडा २०.९ वर आला. क्लिप तारेपेक्षा अरुंद होती आणि काटकोनात ठोकलेली. कोपऱ्यावर बोटभर गोलाई देऊन दोन्ही बाजूंना रुंद क्लिपा मारल्या. शेवटचं वाचन उणे २०.८. हे ओएनटीच्या पाठीवर तारखेसह चिकटपट्टीवर लिहिलं. पुढच्या वर्षी कुणी आलं तर तुलनेला हाच आकडा लागेल.

२५ मे

सेटिंग. ओएनटी ब्रिज मोडला (नुसता मधला पूल), पीपीपीओई (कंपनीच्या जाळ्यातलं लॉगिन) घरच्या राउटरवर. ऑपरेटरकडून तीन गोष्टी मागून घेतल्या: युजरनेम, पासवर्ड, व्हीएलएएन आयडी (ऑपरेटरच्या जाळ्यातल्या वाटेचा क्रमांक). तिसरी विसरली की राउटर नुसता ‘कनेक्ट होत आहे’ म्हणत बसतो. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२. राउटर बदलला की कधी कधी पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, कारण ऑपरेटरने जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता बांधून ठेवलेला असतो. फोन करून तो सोडवून घ्यावा लागतो.

दोन राउटर एकामागे एक, दोन्ही राउटर मोडमध्ये, ही फार दिसणारी चूक. नेट चालतं, पण प्रिंटर सापडत नाही आणि कॉल अधूनमधून तुटतो.

डीव्हीआर बाहेरून उघडेना. राउटरवरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे सीजीनॅट, अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून येणारी मागणी घरातल्या उपकरणाकडे वळवण्याचा) काही उपयोग नाही. ऑपरेटर स्टॅटिक आयपी महिना २०० ला देतो, पण चार कॅमेऱ्यांसाठी वर्षाला २,४०० रुपये घालायचं कारण नाही. डीव्हीआरचं पीटूपी (पोर्ट न उघडता ॲपशी जोडणारी सोय) चालू करून ॲपमध्ये क्यूआर कोडने जोडला, जुना पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलला. डीव्हीआरचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवणं तसंही धोक्याचंच होतं.

२६ मे ते १ जून

चाचणीचा आठवडा. दोन्ही लाइन रोज त्याच वेळांना. ब चे आकडे: सकाळी ५९/५९, दुपारी ५९/५८, रात्री ५७/५५. रात्री ५०० पॅकेटमध्ये हानी ०, पहिला हॉप २ ते ५ मिलिसेकंद. २७ तारखेच्या जोरदार पावसात वाचन उणे २०.८ वरून २०.९. जुन्या लाइनवर त्याच दुपारी उणे २६.३ आणि दोनदा एलओएस. बाहेरच्या जोडडब्यात पाणी शिरतंय, ते घरातून दुरुस्त होत नाही.

३० तारखेला वीज सव्वा तास बंद होती. इन्व्हर्टरच्या स्विचवर ओएनटी घेतल्यावर ब चालू राहिला. म्हणजे शेजारच्या घराची तक्रार घरातल्या बॅकअपचीच. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. ८,८०० एमएएच लिहिलेला यूपीएस ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो, म्हणजे ३२ वॅट-तास. ओएनटी ६ वॅट, राउटर ८ वॅट. नुकसान धरून दोन तास. घेताना पिनचं माप ५.५ बाय २.१ आणि मध्यभाग धन आहे ना, हे अडॅप्टरवर बघावं.

३ जून

वरच्या मजल्याचं वाय-फाय. स्लॅबमधून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जात नाही. रिपीटर घेतला तर वेग अर्धा होतो. कॅट-६ ची १८ मीटर तार जिन्याच्या कडेने, वर जुनाच राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून: डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद, तार वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये, दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच. २.४ चे चॅनेल खाली १, वर ११. वरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर ५५.

५ जून

जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज. ॲपमधून, जोडीला ईमेल, त्यात ग्राहक क्रमांक आणि ११ जून ही तारीख. फोनवरच्या बाईंनी तीन महिने जुन्या दराने देऊ केले. दिले असते तर १३ मेलाच द्यायचे होते. त्याच लाइनवरचा लँडलाइन नंबर जाणार, म्हणून तो गॅस नोंदणीत आणि बँकेत कुठे दिला आहे ते शोधून बदलला. प्लॅनबरोबरचं ओटीटी ज्या ईमेलवर होतं, तेही वेगळं केलं.

१० जून

बँकेचा मेसेज: उद्या ८८३.८२ ऑटोपेने वजा होणार. अर्ज पाच दिवसांपूर्वीच दिला होता, तरी मँडेट (पैसे वजा करायची परवानगी) चालूच. ऑटोपेची रक्कम वजा होण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे हातात एक रात्र होती. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट रद्द केला. कंपनीकडे जोडणी बंद करणं आणि बँकेत मँडेट बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाने दुसरं होत नाही.

१३ जून

ओएनटी न्यायला माणूस आला. उपकरण, अडॅप्टर आणि पॅचकॉर्ड, तिन्ही दिली. सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढला, पावतीवर तोच नंबर आणि ‘अडॅप्टरसह’ लिहून घेतलं. अडॅप्टर मिळाला नाही म्हणून अंतिम बिलात रक्कम लावण्याचे प्रकार होतात. पावती हातात आल्याशिवाय उपकरण दाराबाहेर जाऊ देऊ नये. पैशांवरून अडलंच, तर डॉकेट आणि पावती घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाता येतं.

२ जुलै

अंतिम बिल शून्य, बंद झाल्याचा मेसेज आला. ब ला आता तीन महिन्यांचे एकदम भरतोय, वर्षाचे नाही.

२४ ऑगस्ट

२७ ला गणेश चतुर्थी. पलीकडच्या मंडळाची मूर्ती याच रस्त्याने येते आणि ट्रॉलीवर उंची १७ फुटांच्या आसपास जाते. आपली तार ५.२ मीटर म्हणजे १७ फूट. मिरवणुकीत आडवी तार बांबूने उचलतात, नाही उचलली गेली तर तुटते. ब ला आधीच सांगून रस्त्यापलीकडचा क्लॅम्प खांबावर वर घेतला, आता ६.१ मीटर. विजेच्या तारांपासूनचं अंतर मोजून मगच. वाचन उणे २०.८.

७ सप्टेंबर

सकाळी १०.४० ला एलओएस. तार शाबूत, खांबावर जाऊन बघितलं तर बॉक्समधल्या पाच नंबरच्या पोर्टवरचा कनेक्टर काढून तिथे दुसरा लावलेला. नव्या घराची जोडणी करताना मोकळा पोर्ट समजून आपला काढला गेला. कनेक्टरवर मार्करने लिहिलेलं नाव पावसात धुऊन गेलं होतं. ब चा माणूस ५० मिनिटांत आला, नवं घर सात नंबरवर घेतलं. आपल्या तारेला बॉक्सजवळ ॲल्युमिनियमची पट्टी बांधली, त्यावर खिळ्याने कोरलेला पोर्ट नंबर आणि ग्राहक क्रमांक. कनेक्टर पुसून लावल्यावर उणे २०.७.